अवकाशसाम्राज्यातील मानवेतर

१

विज्ञानकथेने उभारलेल्या कल्पित साम्राज्यांचा विस्तार लक्षावधी ग्रहांचा असतो. त्यांची राज्यपद्धती मात्र पृथ्वीवरील इतिहासातूनच उचललेली असते. सुभेदार, आरमार, जकात, व्यापारी सनदा, राखीव प्रदेश आणि जित प्रजेचा कारभार पाहणारी खाती ही सारी सामग्री भारतीय वाचकाच्या पूर्ण परिचयाची आहे. अशा साम्राज्यात माणसाखेरीज दुसरी एखादी बुद्धिमान जात येताच तिचे स्थान कोणते, हा प्रश्न लेखकापुढे उभा राहतो. कोणी तिला शत्रू ठरवितो, कोणी दास करतो, कोणी तिचे ममतेने पालन करतो, तर कोणी ती मुळात अस्तित्वातच नाही असे ठरवून मोकळा होतो. या चारही निर्णयांत एक राजकीय भूमिका आहे, आणि ती कथेच्या रचनेतच व्यक्त होत असल्यामुळे तिचा विचार वाङ्मयीन विचारापासून वेगळा काढता येत नाही.

या वाङ्मयाचा अर्थ लावण्याची एक सोपी रीत रूढ आहे. मानवेतर जात म्हणजे एखाद्या पीडित मानववंशाचे रूपक, तिच्याविषयीचा तिरस्कार म्हणजे वर्णद्वेष, आणि तो परका अंतर्यामी माणसासारखाच आहे असा साक्षात्कार म्हणजे कथेचे तात्पर्य. ही रीत चुकीची नाही. परंतु ती अर्ध्या वाटेवर थांबते. परका आपल्यासारखाच निघाला म्हणून त्याला न्याय मिळाला, असे जेथे घडते तेथे साम्य ही न्यायाची अट ठरते. साम्राज्याचा अधिकारीही नेमकी हीच अट घालीत असतो. तो आणि त्याचा विरोध करणारा सहृदय नायक यांचे मतभेद उत्तराविषयी असतात. प्रश्न दोघांनीही तोच मान्य केलेला असतो. म्हणून या प्रकारातील कृतींचे मूल्यमापन करताना त्यांत द्वेषाचा निषेध किती आवेशाने केला आहे, यापेक्षा ती अट त्यांनी स्वीकारली की मोडली, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

२

या परंपरेच्या आरंभी एच. जी. वेल्स उभा आहे. ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही त्याची कादंबरी १८९७ मध्ये क्रमशः आणि १८९८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव १८९७ मध्येच साजरा झाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या कादंबरीतील उपरोधाची धार ध्यानी येते. मंगळावरील आक्रमक इंग्लंडमध्ये जो संहार करतात त्याचे वर्णन सुरू होण्यापूर्वीच निवेदक यूरोपीय वसाहतवाल्यांनी टास्मानियातील मूळ रहिवाशांचा केलेला संहार वाचकाला आठवून देतो आणि मंगळवासीयांना निष्ठुर म्हणण्याची घाई करू नये असे सुचवितो. जेत्याला जिताच्या जागी बसविण्याची ही युक्ती पुढे शेकडो लेखकांनी वापरली. परंतु या कादंबरीत केवळ जागांचीच अदलाबदल झाली आहे. मंगळवासी अखेरपर्यंत माणसाशी एक शब्दही बोलत नाहीत. त्यांच्या यंत्रांचे आणि शरीररचनेचे वर्णन होते. त्यांच्या मताचे वर्णन होत नाही.

ती उणीव वेल्सने ‘द फर्स्ट मेन इन द मून’ (१९०१) या कादंबरीत भरून काढली. बेडफोर्ड आणि केव्हॉर हे दोन इंग्रज चंद्रावर उतरतात. बेडफोर्डच्या डोळ्यांपुढे सोने आणि मक्तेदारी आहे. केव्हॉरच्या मनात निर्मळ जिज्ञासा आहे. चंद्राच्या पोटात राहणाऱ्या कीटकसदृश समाजाचा अधिपती केव्हॉरला पृथ्वीविषयी प्रश्न विचारतो, आणि केव्हॉर भाबडेपणाने मानवी युद्धांची हकीगत सांगून बसतो. त्यानंतर त्याचा पृथ्वीशी असलेला संपर्क तुटतो. येथे मानवेतर हा न्यायाधीशाच्या आसनावर बसला आहे आणि साक्ष मनुष्यजातीची चालली आहे. वेल्सने या चांद्रसमाजाला आदर्शही केलेले नाही. तेथे कामकऱ्यांची शरीरे लहानपणापासून पात्रांत कोंबून कामास योग्य अशी घडविली जातात आणि काम नसेल तेव्हा त्यांना औषध देऊन निजविले जाते. केव्हॉर हे पाहून अस्वस्थ होतो. पण बेकार मजुराला उपाशी सोडून देण्याची पृथ्वीवरील रीत अधिक दयाळू आहे काय, ही शंकाही त्याच्या मनात येते. परका चांगला आहे म्हणून त्याचे ऐकावे असे वेल्स म्हणत नाही. त्याचे बोलणे ऐकण्याजोगे आहे, एवढेच तो दाखवितो. या प्रकारातील पुढील बरेचसे लेखन या उंचीपर्यंत पोहोचलेले नाही.

३

आयझॅक असिमॉव्हच्या ‘फाउंडेशन’ कथा १९४२ पासून ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या अमेरिकन मासिकात येऊ लागल्या आणि १९५१ ते १९५३ या काळात तीन ग्रंथांत संगृहीत झाल्या. गिबनच्या रोमन इतिहासावरून स्फुरलेल्या या साम्राज्यात सुमारे अडीच कोटी वस्ती असलेले ग्रह आहेत. मात्र त्यांतील एकाही ग्रहावर माणसाखेरीज दुसरी बुद्धिमान जात नाही. वाचकाला ही आकाशगंगा स्वाभाविक वाटते, कारण तीत अनुपस्थित असलेल्यांची आठवण करून देणारेही कोणी नाही.

या अनुपस्थितीचे कारण असिमॉव्हने पुढे स्वतःच सांगितले आहे. मासिकाचा संपादक जॉन डब्ल्यू. कॅम्बेल याचा मनुष्याच्या श्रेष्ठत्वावर दृढ विश्वास होता. माणूस आणि परग्रहवासी यांची गाठ पडली की माणूसच वरचढ ठरला पाहिजे असा त्याचा आग्रह असे. त्या आग्रहामागे मानववंशांच्या उच्चनीचतेविषयीची त्याची मते होती, हेही असिमॉव्हच्या नजरेतून सुटले नव्हते. ‘होमो सोल’ (१९४०) या कथेच्या निमित्ताने त्याला या आग्रहाचा अनुभव आला. रशियात जन्मलेल्या आणि बालपणी अमेरिकेत आलेल्या या ज्यू तरुणाला ती भूमिका मानवणारी नव्हती. तसेच ज्याच्या मासिकावर आपले लेखन अवलंबून आहे त्या संपादकाशी भांडणेही परवडणारे नव्हते. त्याने मधला मार्ग काढला आणि परग्रहवासीच वगळले. विज्ञानकथेतील सर्वांत प्रसिद्ध साम्राज्य केवळ मानवांचे झाले ते पूर्वग्रहातून, आणि पूर्वग्रहाला शरण न जाण्याच्या धडपडीतूनही झाले. कॅम्बेलच्या नावाने नवोदित लेखकांना दिल्या जाणाऱ्या पुरस्काराचे नाव याच मतांवरील वादानंतर २०१९ मध्ये बदलण्यात आले.

परंतु परक्याला वगळल्याने तिरस्कार नाहीसा होत नाही. त्याला दुसरे लक्ष्य सापडते. ‘पेबल इन द स्काय’ (१९५०) या असिमॉव्हच्याच कादंबरीत साम्राज्यातील सारे लोक किरणोत्सर्गाने दूषित झालेल्या पृथ्वीच्या रहिवाशांना अस्पर्श मानतात. रोमन अमलाखालील ज्यूडियाची छाया या चित्रावर स्पष्ट आहे. सर्वच माणसे असलेल्या आकाशगंगेतही कोणीतरी माणसाहून कमी ठरावा लागतो, हे असिमॉव्हने ओळखले होते.

या विश्वात मानवेतर जात एकदाच प्रकट होते, ती मार्च १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ब्लाइंड ॲली’ या कथेत. एका उजाड, तप्त ग्रहावर नष्ट होत चाललेली जात साम्राज्याला सापडते. साम्राज्य तिला एका सुखद ग्रहावर हलविते, अन्नपाण्याची सोय करते, शास्त्रज्ञ नेमते. तरीही त्या जातीत मुले जन्माला येत नाहीत. सारी आकाशगंगा माणसाने व्यापली आहे. जेथे आपल्या जातीला स्वतःचे असे काही करावयाचे उरले नाही, तेथे संतती कशासाठी, असा त्यांचा मूक प्रश्न आहे. अँट्योक नावाचा मुलकी अधिकारी तो प्रश्न ओळखतो आणि कोठेही उघड बंड न करता केवळ टिपणे, हुकूम व अर्ज यांच्या चतुर मांडणीतून त्यांच्या हाती अवकाशयाने पडतील अशी व्यवस्था करतो. ती जात आकाशगंगेबाहेर, मॅजेलनच्या मेघांकडे निघून जाते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असिमॉव्ह फिलाडेल्फिया येथील आरमारी कारखान्यात नोकरीस होता. सरकारी पत्रव्यवहाराची जी भाषा त्याने तेथे आत्मसात केली तीच या कथेची शैली झाली आहे, आणि ती आशयाशी पूर्णपणे एकरूप झाली आहे. या कथेत मानवेतरांचा द्वेष करणारे कोणी नाही. त्यांचे बरेच चालावे अशीच सर्वांची इच्छा आहे. त्यांच्यावर अहवाल लिहिले जातात, त्यांची मोजमापे घेतली जातात, प्रजननाचे उपाय सुचविले जातात. पूर्वग्रहाला क्रौर्याची गरज नसते, एक सुव्यवस्थित खाते पुरते, हे या कथेइतक्या स्पष्टपणे या वाङ्मयात फार थोड्या ठिकाणी दिसते. १८७१ च्या कायद्याने कित्येक भारतीय जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले, आणि पुढे ‘सुधारणे’साठी त्यांना सोलापूरसारख्या ठिकाणच्या सेटलमेंटमध्ये तारांच्या कुंपणाआड ठेवण्यात आले. तो कायदा संपूर्ण देशातून रद्द होण्यास १९५२ साल उजाडले. तेथील कागदपत्रांची भाषाही अशीच हितचिंतकाची होती. अर्थात् या कथेची मर्यादाही नजरेआड करता येत नाही. मानवेतरांची सुटका त्यांच्या निघून जाण्यातच आहे. ते गेल्यावर साम्राज्य जसे होते तसेच राहते आणि आकाशगंगा पुन्हा एकजातीय होते.

४

साम्याची अट प्रत्यक्ष न्यायालयात नेण्याचे काम एच. बीम पायपरच्या ‘लिटल फझी’ (१९६२) या कादंबरीने केले. झरथुष्ट्र नावाचा ग्रह एका सनदी कंपनीच्या मालकीचा आहे. ग्रहावर बुद्धिमान रहिवासी नाहीत या गृहीतावर ती सनद उभी आहे. जॅक हॉलोवे या रत्नशोधकाला तेथे केसाळ, बुटक्या, प्रेमळ प्राण्यांचे एक कुटुंब भेटते. कंपनीचा एक अधिकारी त्यांतील एका मादीला लाथांनी ठार करतो; त्याच गडबडीत हॉलोवेच्या हातून त्या अधिकाऱ्याचा रक्षक मारला जातो. दोन्ही खटल्यांचा निकाल एकाच प्रश्नावर अवलंबून राहतो: मेलेली मादी प्राणी होती की व्यक्ती? ती व्यक्ती ठरली तर खून झाला आणि सनदही बुडाली.

बुद्धिमत्तेचा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पोथीतून उचलून मालमत्तेच्या दप्तरात ठेवणे ही पायपरची मोठी कामगिरी होय. कोण व्यक्ती आणि कोण प्राणी हे ठरविण्यात कोणाचा कोणता लाभ गुंतलेला आहे, याचा जमाखर्च त्याने वाचकापुढे मांडला आहे. याहून मार्मिक तपशील भाषेचा आहे. बोलणे आणि अग्नी पेटविणे ही बुद्धिमत्तेची व्यवहारातील खूण मानली जाते, आणि हे प्राणी तर केवळ बारीक आवाज काढताना ऐकू येतात. अखेरीस उलगडा होतो की त्यांची भाषा मानवी कानाच्या पल्ल्यापलीकडील ध्वनीत आहे. ते सुरुवातीपासून बोलतच होते.

एवढी समर्थ कल्पना हाती असूनही कादंबरी तिचे अखेरचे टोक गाठीत नाही. निकाल त्यांच्या बाजूने लागतो, आणि ते प्राणी निरनिराळ्या माणसांच्या घरी मुलांसारखे राहू लागतात. हॉलोवेला तर ते बापाच्या नात्यानेच हाक मारतात. व्यक्ती म्हणून मान्यता मिळाली ती बालकाची. ते गोजिरवाणे आहेत, निरुपद्रवी आहेत, माणसाच्या मांडीवर बसतात, म्हणून वाचकाची सहानुभूती खटल्याच्या निकालाची वाट पाहत थांबत नाही. तेच प्राणी कुरूप, उग्र आणि माणसाविषयी उदासीन असते, तर न्यायासनाचा निकाल कायद्याने तोच लागावयास हवा होता. परंतु कादंबरीने स्वतःला त्या कसोटीवर उभे केलेले नाही.

५

मानवेतराला साम्राज्यात शिरण्याचा आणखी एक दरवाजा असतो. तो उपयुक्ततेचा होय. ‘स्टार वॉर्स’ या १९७७ च्या चित्रपटात साम्राज्याचे सारे अधिकारी माणसे आहेत, आणि प्रेक्षकाने त्यावरून त्या राजवटीची परीक्षा करावी अशी योजना असल्याचे पुढील कथांनी स्पष्ट केले. तथापि, बंडखोरांच्या विजयसमारंभात दोन मानवी वीरांना पदके मिळतात आणि त्यांच्याबरोबर लढलेला केसाळ चुबॅका त्यांच्याच शेजारी पदकाविना उभा राहतो, हे दृश्यही त्याच चित्रपटातील आहे. प्रेक्षकांनी ही उणीव दशकानुदशके बोलून दाखविली; त्या पात्राच्या हाती पदक पडले ते २०१९ च्या चित्रपटात. साम्राज्याचा निषेध करणारी कथा साम्राज्याच्याच नजरेने रंगमंच सजवू शकते, याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण.

याच विश्वावर आधारलेल्या टिमोथी झानच्या कादंबरीत्रयीत (१९९१–१९९३) थ्रॉन हा निळ्या वर्णाचा, मानवेतर महासेनापती येतो. मानवेतरांना तुच्छ लेखणाऱ्या राजवटीत तो अत्युच्च पदावर चढला आहे, कारण त्याच्याइतका कुशल सेनानी तिच्यापाशी दुसरा नाही. त्याची युद्धपद्धती समीक्षकांना अस्वस्थ करणारी आहे. शत्रुजातीची चित्रे व शिल्पे तो बारकाईने अभ्यासतो, त्यांतून त्या जातीची मनोरचना आकळून घेतो आणि त्या ज्ञानाच्या बळावर तिचा पाडाव करतो. परक्याला समजून घेणे आणि परक्याचा सन्मान करणे या दोन गोष्टी एक नव्हेत, ही जाणीव या लोकप्रिय कथेने अनपेक्षितपणे करून दिली आहे. नोघ्री नावाच्या जातीची जमीन साम्राज्याने मदतीच्या नावाखाली नापीक ठेवली आहे आणि त्या उपकाराच्या ओझ्याखाली तिच्याकडून मारेकऱ्यांचे काम करून घेतले आहे. हे कपट उघडकीस आल्यावर त्याच जातीच्या अंगरक्षकाच्या हातून थ्रॉन मारला जातो.

उपयोगी पडणारा परका वाचतो, ही गोष्ट भारतीय वाचकाला नवी नाही. महाभारताच्या आदिपर्वात इंद्रप्रस्थाच्या राज्याचा विस्तार होत असताना कृष्ण आणि अर्जुन यांच्या साह्याने खांडववन जाळले जाते. त्या अग्नीतून जे मोजके जीव वाचतात त्यांत मय हा असुर आहे. तो अर्जुनाला शरण जातो आणि पुढे युधिष्ठिराची सभा बांधून देतो. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’ (१९६७) मधील ‘मयसभा’ या लेखात या दहनातील क्रौर्याचा रोखठोक विचार केला आहे. तथापि, महाभारतकाराने त्या प्रसंगात आणखी एक गोष्ट केली आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. आग चहूकडून वेढत असताना जरिता नावाची पक्षिणी आपल्या चार पिल्लांना कोठे लपवावे या विवंचनेत पडते, आणि माय-लेकरांचा तो संवाद ग्रंथात विस्ताराने येतो. मयाप्रमाणे ती कोणाच्या कामाची नाही. तिचे दुःख जेत्यांच्या कुळकथेत केवळ ते तिचे दुःख आहे म्हणून नोंदले गेले आहे.

६

वन आणि साम्राज्य यांच्या याच संघर्षावर अर्सुला ली ग्विन यांची ‘द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट’ (१९७२) ही लघुकादंबरी उभी आहे. व्हिएतनाममधील युद्ध चालू असताना ती लिहिली गेली. पृथ्वीवरून आलेले वसाहतवाले अथ्शी या ग्रहावरील जंगल लाकडासाठी तोडतात आणि तेथील बुटक्या, हिरवट लव असलेल्या रहिवाशांना दास करतात. लेखिकेच्या कथाविश्वात हे रहिवासी आणि पृथ्वीवरील माणसे एकाच प्राचीन वंशाची आहेत. म्हणजे येथे ‘मानवेतर’ हे वस्तुस्थितीचे वर्णन उरलेले नाही. तो वसाहतवाल्यांनी दिलेला हुद्दा आहे. लाकूड तोडणाराला समोरचा माणूस दिसणे परवडत नाही.

सेल्व्हर हा त्या लोकांचा नायक बायकोच्या मृत्यूनंतर बंड उभारतो आणि ते यशस्वी होते. जेते निघून जातात. परंतु एकमेकांचा जीव घेणे या लोकांना ठाऊक नव्हते, ते त्यांना आता ठाऊक झालेले असते. त्यांच्या भाषेत देव आणि अनुवादक यांना एकच शब्द आहे. स्वप्नातील नवे ज्ञान जागृतीच्या जगात आणणारा तो देव. आणि सेल्व्हरने आणलेले ज्ञान हत्येचे आहे. पीडिताला निष्कलंक ठेवण्याचा मोह ली ग्विन यांनी टाळला आहे. या कथेत उणे काही असेल तर ते डेव्हिडसन या कप्तानाच्या एकरंगी दुष्टपणात आहे. तो इतका उघड दुष्ट आहे की वाचकाला त्याच्यापासून स्वतःला वेगळे काढणे फार सोपे जाते. असिमॉव्हच्या अहवाल लिहिणाऱ्या सभ्य अधिकाऱ्यांपासून ते तितके सोपे नव्हते.

कॉर्डवेनर स्मिथ या टोपणनावाने लिहिणारे पॉल लाइनबार्गर हे पौर्वात्य राजकारणाचे जाणकार होते. त्यांच्या कथांतील भावी राज्यात कष्टाची कामे करण्यासाठी पशूंपासून मानवाकृती जीव घडविले आहेत. त्यांच्या नावापूर्वी मूळ पशूचे आद्याक्षर जोडलेले असते, म्हणून नाव उच्चारताच जन्म कळतो. ते आजारी पडले की त्यांच्यावर उपचार करण्याऐवजी त्यांना मारून टाकतात, कारण नवा जीव घडविणे स्वस्त पडते. ‘द डेड लेडी ऑफ क्लाउन टाउन’ (१९६४) या कथेत श्वानकुळातील डी-जोन नावाची मुलगी आपल्या लोकांना घेऊन निःशस्त्र चालत निघते. माणसांवर प्रेम असल्याचे त्यांना सांगते, आणि जाळली जाते. जोन ऑफ आर्कची कथा येथे उघडपणे वापरली आहे. लक्षणीय गोष्ट ही की ती आपले कुत्रेपण नाकारून माणूस असल्याचा दावा करीत नाही. आपल्या जातीत राहूनच ती हक्क सांगते. नावावरून जन्म ओळखण्याची आणि जन्मावरून काम ठरविण्याची रीत ज्या समाजाला परकी नाही, त्याला या कथेवर निराळे भाष्य करण्याची गरज पडू नये.

७

परक्यांची प्रतवारी करण्याचा साम्राज्याचा हव्यास ऑर्सन स्कॉट कार्ड यांनी ‘स्पीकर फॉर द डेड’ (१९८६) मध्ये थेट विषय म्हणून घेतला. त्या कादंबरीत परकेपणाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: आपल्याच जगातील परदेशी माणूस, दुसऱ्या ग्रहावरील माणूस, माणुसकीचे नाते जोडता येईल असा अन्य जातीचा जीव, आणि ज्याच्याशी संवादच संभवत नाही असा पूर्ण परका. १९०१ च्या भारतीय खानेसुमारीचे प्रमुख रिस्ले यांनी नाकांची मापे आणि सामाजिक अग्रक्रम यांच्या आधारे जातींची मांडणी केली, तिच्यामागील वृत्तीच या पायऱ्यांमागे आहे असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु कादंबरीचा रोख पायऱ्या उलट्या वाचण्याकडे आहे. तिसरी आणि चौथी पायरी यांतील अंतर समोरच्या जीवात नसून निवाडा करणाऱ्याच्या ठायी असते, असे ती सुचविते.

ही कल्पना घटनांतूनही सिद्ध होते. लुसितानिया ग्रहावरील वराहसदृश जीव त्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञाची चिरफाड करून त्याला ठार मारतात. हा खून आहे असेच माणसांना वाटते. त्या जीवांच्या दृष्टीने मात्र तो परमोच्च सन्मान होता. त्यांच्यात असा मृत्यू पावलेला जीव वृक्षरूपाने पुढचे जीवन जगतो. माणसाच्या बाबतीत तसे घडत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. येथे साम्याच्या अटीला तडा गेलेला आहे. हे जीव माणसासारखे निघाले म्हणून समेट होत नाही. ते माणसासारखे नाहीत हे दोन्ही पक्षांनी ओळखले म्हणून होतो.

ॲन लेकी यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. ‘ॲन्सिलरी जस्टिस’ (२०१३) पासून सुरू होणाऱ्या त्रयीतील साम्राज्याच्या भाषेत त्या साम्राज्याचा नागरिक आणि सुसंस्कृत या दोन अर्थांना एकच शब्द आहे. त्यामुळे जिंकलेला प्रांत असंस्कृत होता हे सिद्ध करावेच लागत नाही. व्याकरण ते काम करते. या उद्दाम राजवटीच्या पलीकडे प्रेस्गर नावाची अतिशय समर्थ मानवेतर जात आहे. तिने पूर्वी मानवी जहाजे आणि माणसे केवळ गंमत म्हणून फाडून टाकली होती. तिच्या लेखी जीवांचे दोनच वर्ग आहेत: दखल घेण्याजोगे आणि न घेण्याजोगे. तह झाला तेव्हा माणसाची गणना पहिल्या वर्गात झाली, पण ही मान्यता माणसाने कमावलेली नव्हती. ती दुसऱ्याने दिली. त्रयीच्या अखेरच्या ‘ॲन्सिलरी मर्सी’ (२०१५) या भागात जहाजांच्या कृत्रिम बुद्धी स्वतंत्र जात म्हणून त्याच मान्यतेचा दावा मांडतात, आणि त्यावर अंतिम निर्णय होण्यापूर्वीच कथा संपते. शतकानुशतके इतरांना तपासणारा माणूस येथे स्वतः तपासला गेला आहे, आणि ज्यांना त्याने अवजार मानले तेही त्याच दारात उभे आहेत. वेल्सच्या चांद्र अधिपतीनंतर न्यायासनाची दिशा इतक्या विचारपूर्वक फिरविल्याची उदाहरणे विरळ आहेत.

८

या साऱ्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. परग्रहवासी हा अखेर माणसाच्याच कल्पनेचा जीव. माणसाची भाषा, माणसाचे अनुभव यांतूनच तो घडणार. जो अस्तित्वात नाही त्याच्यावर अन्याय कसा होईल? आणि जो माणसानेच घडविला तो माणसासारखा नसावा ही अपेक्षा तरी कशी रास्त ठरेल?

आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. कोणत्याही कादंबरीने कोणत्याही परग्रहवासीयाला इजा पोहोचविलेली नाही. परंतु या कथा मनाला मोजमापाची सवय लावतात आणि ती सवय पृथ्वीवरच वापरली जाते. २०१३ मध्ये भारतात डॉल्फिनांचे खेळ करणाऱ्या जलालयांना परवानगी नाकारण्यात आली. निर्णय स्वागतार्हच होता. त्याच्या समर्थनार्थ त्या प्राण्याच्या असामान्य बुद्धिमत्तेकडे बोट दाखविण्यात आले. हा युक्तिवाद पायपरच्या न्यायालयातील युक्तिवादाचाच भाऊ आहे. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या प्राण्याला त्याने संरक्षण मिळते, आणि जो परीक्षेला बसूच शकत नाही त्याच्याविषयी तो काहीच बोलत नाही. डॉ. आंबेडकरांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेचे विश्लेषण केले तिचा एक नियम येथेही लागू पडतो: एक पायरी वर चढलेल्याला मिळालेला दिलासा शिडीला धक्का लावीत नाही.

आक्षेपाच्या उत्तरार्धाला उत्तर या कृतींनीच दिले आहे. परक्याचे अंतरंग पूर्णपणे उलगडून दाखविणे लेखकाला शक्य नाही, हे मान्य. मात्र ते उलगडले नाही याची जाणीव रचनेत राखणे त्याला शक्य असते. मॅजेलनच्या मेघांकडे गेलेल्या जातीचे पुढे काय झाले हे असिमॉव्ह सांगत नाही. प्रेस्गरांना ‘दखल घेण्याजोगे’ म्हणजे नेमके काय अभिप्रेत आहे हे लेकी स्पष्ट करीत नाहीत. ही अपूर्णता कलेतील उणीव नव्हे. परक्याच्या अंगणात न विचारता पाऊल न टाकण्याचा तो संयम आहे. याउलट ज्या कथेत मानवेतराचे सारे मन अखेरच्या पानापर्यंत माणसाला कळून चुकते, तीत त्याचे स्वातंत्र्य तेवढेच कमी झालेले असते, मग लेखकाची सहानुभूती कितीही प्रामाणिक असो.

अवकाशसाम्राज्याच्या कथा भारतीय भाषांतूनही आता लिहिल्या जात आहेत आणि पुढे अधिक लिहिल्या जातील. साम्राज्याच्या खालच्या बाजूने जगाकडे पाहण्याचा अनुभव या भाषांपाशी आहे. जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्याचा अनुभवही आहे, आणि तो दोन्ही बाजूंचा आहे. त्यामुळे परग्रहावरील दासाच्या जागी स्वतःला कल्पिणे येथील लेखकाला जड जाणार नाही. त्याच ग्रहावरील खात्याचा सज्जन अधिकारी म्हणून स्वतःला ओळखणे मात्र त्याला अधिक अवघड जाईल, आणि या प्रकारातील उत्तम कृतींनी वाचकाकडून त्याच ओळखीची अपेक्षा केली आहे.